मोत मावलीच्या जत्रेतली मेणाची दुकानं: एका प्रोटेस्टंट सुनेचा रिव्ह्यू

ज्यांना फक्त निकाल पायजे त्यांच्यासाठी आधीच सांगते, मेणाचा पाय घेण्यासारखा आहे, पैसे वसूल, फक्त गुडघा सुटा मिळत नाही. आता सविस्तर.

बांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा, जिला कोळीवाड्यातले लोक आणि आमच्या सासूबाई मोत मावलीची जत्रा म्हणतात, ती ८ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मदिवस झाला की त्याच्या पुढच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. टेकडीच्या चढावर दोन्ही बाजूंनी स्टॉल लागतात आणि त्यातले निम्मे तरी मेणाचे. साध्या मेणबत्त्या असतातच, पण खरा माल म्हणजे मेणाचे अवयव. हात, पाय, डोळे, हृदय, पोट, डोकं. शिवाय बाळ, घर, गाडी, विमान. ज्याला जे पायजे त्याने त्याची मेणाची वस्तू घ्यायची, वर चर्चमध्ये नेऊन वाहायची आणि मावलीला सांगायचं. घेणारे सगळे ख्रिश्चन असतात असं अजिबात नाही, गजरा माळलेल्या मावश्या, शाळेच्या ड्रेसमधली पोरं, पारशी आजोबा, सगळे एकाच लायनीत पाय धरून उभे, म्हणजे मेणाचे.

माझी बाजू पण सांगायला हवी कारण रिव्ह्यू देणारी कोण हे कळलं पायजे. मी नगरची, आता अहिल्यानगर म्हणायचं पण जिभेला वेळ लागतोय. आमच्याकडं १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे पिढ्यानपिढ्याचे प्रोटेस्टंट. पेटी तबल्यावर ना. वा. टिळकांची भजनं, मांडीवर पवित्र शास्त्र, पाळकसाहेबांचा उपदेश जेवणाची वेळ टळेपर्यंत, आणि मेणबत्ती फक्त लाइट गेल्यावर, फार तर नाताळच्या कँडल सर्विसला. लग्न होऊन वसईच्या कॅथलिक घरात आले तेव्हा आमच्या आत्याने कानात सांगितलं होतं की बाई, बाकी सगळं कर पण मूर्तीपुढं काही वाहू नको. सासूबाई, म्हणजे मम्मी, यांनी त्याच महिन्यात माझ्या हातात मेणाचं घर दिलं. आता दोघींना खूश ठेवायचं म्हणजे मी घर हातात धरलं पण वाहिलं मम्मीनेच, अशी आमची एकी.

तर माल. व्हरायटी चांगली आहे पण साइज आणि डिटेलिंगमध्ये मार खातो. मम्मीचे गुडघे दुखतात, दोन्ही, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय आणि मम्मी ते पुढं पुढं ढकलतायत. स्टॉलवर गेलो, मम्मी म्हणाल्या गुडघा द्या. दुकानदार म्हणाला, "आंटी, गुडघा अलग नाय येत, आख्खा पाय घ्या, त्यात गुडघा आला." आणि आख्खा पाय म्हणजे मांडीपासून बोटापर्यंत, आता टाच दुखत नाही तरी टाचेचे पैसे द्यायचे. माझा नवरा म्हणाला पॅकेज आहे, घेऊन टाक. मग प्रश्न आला दोन गुडघे म्हणजे दोन पाय का, मम्मी म्हणाल्या एक घे, देवाला कळतं. पाच मिनिटांनी परत स्टॉलवर जाऊन दुसरा घेतला, म्हणे उगाच गैरसमज नको.

शुगरसाठी काय घ्यायचं हा सगळ्यात अवघड प्रश्न. मम्मीच्या मैत्रिणीला डायबेटीस, तिने सांगितलेलं माझ्यासाठी पण काहीतरी घे. स्वादुपिंड कुठं मिळणार मेणाचं, दुकानदाराने आधी पोट दाखवलं, मग हृदय, मग शेवटी पूर्ण बाई काढली, डोक्यापासून पायापर्यंत, हात जोडलेली, आणि म्हणाला, "ही घ्या, सगळं कव्हर होतं." फुल बॉडी चेकअपचं इतकं स्वस्त आणि इतकं कमी सुया असलेलं पॅकेज मी दुसरीकडं पाहिलेलं नाही.

घरांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मेणाचं घर म्हणजे उतरतं छप्पर, मधोमध दार, बाजूला दोन खिडक्या, एकदम कौलारू बंगला. आम्ही मागतोय वन बीएचके, तोही विरारच्या पुढं, आणि हातात बंगला घेऊन प्रार्थना करायची म्हणजे आतल्या आत लाज वाटते, मावली म्हणेल हिचं बजेट काय हिची मागणी काय. फ्लॅटचा साचा कोणी का बनवत नाही कळत नाही, आज मुंबईत बंगला मागणारा राहिलाय कोण. एका ठिकाणी मेणाचं विमान बघितलं, ते व्हिसावाल्यांसाठी, जोरात खपत होतं. बाळं तर विचारू नका, छोटी, मोठी, गुलाबी, सगळ्या साइजमध्ये, आणि ती घेणाऱ्या जोडप्यांकडं गर्दीत कोणी टक लावून बघत नाही, हे मला फार आवडलं. बायबलातल्या शमुवेलाच्या पुस्तकात हन्ना बाळासाठी रडत प्रार्थना करत होती तर एली याजकाला वाटलं ही पिऊन आलीये. चढावरचे मेणवाले याजक नाहीत पण त्या बाबतीत त्यांची नजर चांगली आहे, गुपचूप कागदात गुंडाळून देतात आणि सुट्टे परत करतात.

क्वालिटी. मेण हलकं आहे, हातात जास्त वेळ धरलं तर मऊ पडतं, मम्मीच्या एका पायावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला, तो बरोबर पोटरीवर. विमानाचे पंख गर्दीत तुटतात, पिशवीत घालू नका, डोक्याच्या वर धरा. पावसाचे दिवस असतात, छत्री आणि विमान एकाच वेळी सांभाळायचं तर घरून माणूस जास्तीचा आणा. भाव आधी विचारून घ्या, चढाच्या सुरुवातीला एक आणि चर्चच्या गेटाजवळ दुसरा. मम्मींचं म्हणणं देवाच्या वस्तूत घासाघीस करू नये, पण मेण जोवर दुकानदाराच्या हातात आहे तोवर ते देवाचं झालेलं नाही असंही त्यांचंच म्हणणं आहे.

आता मेणच का, हा प्रश्न मला नगरच्या सवयीने पडतोच, आमच्याकडं प्रत्येक गोष्टीला वचन लागतं. मम्मींचं उत्तर तयार होतं. १७०० साली अरबी चाचे इथं चढून आले, मावलीच्या मूर्तीच्या हातात सोन्याचा मुलामा दिलेली वस्तू होती ती त्यांना पायजे होती, म्हणून त्यांनी मूर्तीचा उजवा हातच कापला. आणि मग म्हणे मधमाश्यांचं मोहोळ उठलं आणि चाचे बोंबलत पळाले. म्हणून मेण, मम्मी म्हणाल्या, माश्यांचे उपकार. आता स्टॉलवरचं मेण बहुतेक पॅराफिन, म्हणजे कच्च्या तेलातून निघालेलं, माशीचा आणि त्याचा संबंध नाही, पण हे मी चढ चढताना बोलले नाही, माझा पण श्वास लागला होता. पुढं १७६० ला चर्च परत बांधलं तेव्हा जवळच्या सेंट अँड्र्यू चर्चमधली दुसरी मूर्ती आणून बसवली, ती कोळ्यांना समुद्रात तरंगताना सापडली अशी गोष्ट सांगतात. नंतर जुनी मूर्ती परत आपल्या जागेवर आली, आत्ताची इमारत १९०४ ची.

म्हणजे बघा, जिचा स्वतःचा हात कापला गेला तिच्यापुढं लोक दिवसभर मेणाचे हात आणून ठेवतायत. मला आधी हे विचित्र वाटलं, मग नाही वाटलं. आमच्या महिला मंडळात पण पित्ताशयात खडे निघाले की बाया डॉक्टरच्या आधी ज्या बाईचं ऑपरेशन झालंय तिच्याकडं जातात.

आणि एक गोष्ट या दुकानात आमच्या उपासनेपेक्षा बरी आहे, हे मी आत्या वाचणार नाही या भरवशावर लिहितेय. आमच्याकडं प्रार्थना फार लांब असते. हे कनवाळू स्वर्गीय पित्या, तू आम्हाला या घटकेपर्यंत सांभाळलंस, इथून सुरुवात, मग देशाचे पुढारी, मग मंडळीतले आजारी नावानिशी, मग जे काही कारणाने येऊ शकले नाहीत ते, यात कोणाला टोमणा आहे ते सगळ्यांना कळतं, आणि शेवटी शेवटी, तुझी इच्छा असल्यास, आमच्या भावाच्या गुडघ्याला स्पर्श कर. तोपर्यंत तो भाऊ उभा राहून राहून बसलेला असतो. इथं स्टॉलवाला तोंड वर करून एकच विचारतो, काय पायजे? आणि तुम्हाला चारचौघांत बोट दाखवून सांगावं लागतं, हे. यरीहोच्या रस्त्यावर बार्तीमय आंधळा ओरडत होता तेव्हा येशूनेही त्याला हेच विचारलं ना, की मी तुझ्यासाठी काय करू, आंधळा समोर उभा आहे, दिसतंय काय पायजे ते, तरी विचारलं. आणि त्याने पण भाषण केलं नाही, म्हणाला मला दिसावं. काना गावच्या लग्नात मरियेने तर मागितलं पण नाही, फक्त सांगितलं की यांच्याकडं द्राक्षारस नाही. संपलं. मी पहिल्यांदा स्टॉलपुढं उभी राहिले तेव्हा मला खरं काय पायजे ते पटकन सांगता येईना, रोज सकाळ संध्याकाळ प्रार्थना करणारी बाई मी, आणि मागं लाइन वाढत चालली.

आत्याला तोंड द्यायला मी वचन पण शोधून ठेवलंय. पहिले शमुवेल, अध्याय ६. पलिष्ट्यांनी कराराचा कोश, म्हणजे इस्राएल लोकांकडून पळवून नेलेली देवाची पवित्र पेटी, परत पाठवला तेव्हा सोबत सोन्याच्या पाच गाठी आणि सोन्याचे पाच उंदीर पाठवले, कारण त्यांना गाठींचा रोग झाला होता आणि उंदरांनी देश खाल्ला होता. जे दुखतंय त्याचीच प्रतिकृती, बरोबर मोत मावलीच्या स्टॉलसारखी. मम्मींना सांगितलं तर त्या खूश, म्हणाल्या बघ, तुमच्या बायबलात पण आहे. आता पलिष्टी हे शत्रुपक्षाचे आणि मूर्तिपूजक होते हा बारीक मुद्दा मी अजून सांगितलेला नाही, घरात शांतता आहे.

जायचं कसं: बांद्रा स्टेशनच्या पश्चिमेला उतरा, जत्रेत बेस्ट जादा बस सोडते, रिक्षाच्या नादाला लागलात तर हिल रोडवर बसून राहाल. रविवारी जाऊ नका, मधल्या वारी सकाळी लवकर जा. गुडघेवाल्यांनी चढाचा विचार करून निघा, ज्यांना पायाची गरज आहे त्यांनीच एवढं चढायचं हा विनोद मावलीच करू जाणे. जत्रा चुकली तरी हरकत नाही, चर्चच्या बाहेर वर्षभर थोडे मेणवाले असतातच, फक्त व्हरायटी कमी.

खायला पेराद घ्या, म्हणजे पेरूची ती लालसर वडी, आणि खडियो बोडियो, गोड पाकात घोळलेल्या कुरकुरीत कांड्या, आणि गोव्याचे काळे भाजलेले चणे. हे सगळं उतरताना घ्या, चढताना घेतलंत तर वर पोचेपर्यंत एका हातात पाय आणि दुसऱ्या हातात रिकामी पुडी.

मम्मींच्या गुडघ्याचं विचाराल तर ऑपरेशनची तारीख घेतलीये त्यांनी, जत्रेवरून आल्यावर आपणहून फोन केला हॉस्पिटलला. आता हे मेणाच्या खात्यात टाकायचं की चढाच्या, तुम्ही ठरवा. माझ्याकडून पाचपैकी चार, एक बंगल्यासाठी कापलाय. आणि कोणाला कुठल्या स्टॉलवर मेणाची बिल्डिंग दिसली, सात मजली असली तरी चालेल, लिफ्ट नसली तरी चालेल, तर नक्की कळवा.