विजापूर रोडच्या 'हाडं वाजवणाऱ्या' डॉक्टरकडं माझ्या सहा फेऱ्या

मी शाळेचे युनिफॉर्म शिवते. जुकी मशीनवर बसून एकवीस वर्षं झाली. सोलापुरात या धंद्यातल्या माणसाला एप्रिल-मे कसा जातो ते विचारू नका. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल गेला पाहिजे, बाहेर ऊन त्रेचाळीसवर, वर पत्रा, आणि ठेकेदाराचा दर तासाला फोन, "ताई, हाफ पँट किती डझन झाल्या?"

तर मागच्या मे महिन्यात एका दुपारी खाली पडलेली बॉबिन उचलायला वाकले आणि तिथंच अडकले. आयुष्यभर कापडाचे गठ्ठे उचलले तेव्हा काही झालं नाही, अन् बोटाएवढ्या बॉबिननं दगा दिला. उसण भरली. तशी कंबर चार-पाच वर्षं कुरकुरतच होती, पण असं अडकणं पहिल्यांदाच. मुलानं आणि शेजारणीनं धरून खाटेवर टाकलं.

आम्ही विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहतो. गल्लीत एक पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, आज्जी आहेत. उसण भरली की सगळे त्यांनाच बोलावतात. आल्या, तीनदा कमरेला पाय लावला, तोंडात काहीतरी पुटपुटल्या, चहा पिऊन गेल्या. संध्याकाळपर्यंत फरक नाही. मग मेडिकलमधून साडेसहाशेचा कमरेचा पट्टा आणला. त्या उन्हात तो पट्टा बांधून मशीनवर बसणं म्हणजे शिक्षाच. गोळ्या घेतल्या तर पित्त. पाचव्या दिवशी मुलानं मोबाईल समोर धरला, "अम्मा, हे बघ." एक धिप्पाड माणूस दुसऱ्याची मान पिरगाळतोय आणि कट-कट-कट आवाज येतोय. मी म्हटलं, माझा जीव घ्यायचाय का तुला?

पण गेले. ठेकेदार थांबणार नव्हता.

क्लिनिकचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं तक्रारीही आहेत. विजापूर रोडला आहे, एवढं पुरे. घरकुलातून म्हणजे गावाचं एक टोक ते दुसरं टोक. मुलाच्या स्कूटरवर मागं बसून प्रत्येक स्पीड ब्रेकरला देवाचं नाव घेत पोचले, तर क्लिनिक पहिल्या मजल्यावर! लिफ्ट नाही. अठरा पायऱ्या. कंबर धरून आलेल्या माणसाला अठरा पायऱ्या चढायला लावायच्या, ही अक्कल कुणाची की ओ? वर पोचल्यावर पहिला प्रश्न मी हाच विचारला. रिसेप्शनवरची मुलगी गोड हसली.

डॉक्टर तरुण आहेत. मूळचे फिजिओथेरपीचे, नंतर कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातानं झटका देऊन मणका-सांधे मोकळे करायची पद्धत, शिकले. भिंतीवर फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेचं नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं होतं, ते मुलानं आधी वाचलं. हे बघणं जरुरीचं आहे, कारण आपल्याकडं कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी सरकारी परिषद नाही. पाटी कुणीही लावू शकतो. पाटीच्या मागं मूळ शिक्षण काय, ते विचारायचं. लाजायचं नाही.

मला वाटलं होतं, आत गेलं की लगेच कट्ट. तसं झालं नाही. पाऊण तास नुसती चौकशी. कधी दुखतं, बसल्यावर की उठल्यावर, पायात मुंग्या येतात का, पडला होतात का, ताप, वजन कमी झालंय का, कॅन्सर झाला होता का. मग विचारलं, "लघवी-संडासवर ताबा आहे ना ताई? बसायच्या जागी बधिरपणा?" मुलगा शेजारी उभा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांनी सांगितलं, याचं उत्तर हो असतं तर मी तुम्हाला हातही लावला नसता, सरळ मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं, कारण मणक्यातल्या शिरांवर मोठा दाब असेल तर एकेक तास महत्त्वाचा असतो. नंतर उताणं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, गुडघ्याखाली छोट्या हातोडीनं ठोकलं, पायाचा अंगठा वर दाबायला लावला. एक्स-रे मागितला नाही. त्याचे पैसे वाचले.

मग कुशीवर झोपवलं. वरचा पाय दुमडून खालच्या पायावर, खांदा मागं, कंबर पुढं. "श्वास सोडा." मी सोडला आणि त्यांनी एक छोटा झटका दिला. कट्ट. जाड शिवणीवर जुकीची सुई मोडते ना, अगदी तसा आवाज. मी ओरडले, दुखलं म्हणून नाही, भीतीनं. दुसऱ्या कुशीवर पुन्हा तेच.

उठून बसले तर निम्मं दुखणं गायब. खोटं सांगत नाही. अठरा पायऱ्या सरळ उतरले. मुलगा तर हवेतच. पण रात्री निम्म्यातलं निम्मं परत आलं आणि दुसऱ्या दिवशी अंग असं आंबलं की जणू कारखान्यात पहिलाच दिवस. असं होऊ शकतं, हे त्यांनी आधी सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही.

दुसऱ्या वेळी मुलानं विचारलं, "डॉक्टर, हाड जागेवर बसलं का?" डॉक्टर म्हणाले, "बसायला ते उठलं कुठं होतं?" मग समजावलं. सांध्यात तेलासारखा द्रव असतो, सांधा झटकन ताणला की आतला दाब उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते, आवाज त्याचा. बोटं मोडताना तेच होतं. म्हणून एकदा मोडलेलं बोट लगेच पुन्हा मोडत नाही, वीसेक मिनिटं थांबावं लागतं. आवाज आला म्हणजे गुण आला असं नाही, आणि नाही आला म्हणजे पैसे वाया असंही नाही. झटक्यानं आखडलेले स्नायू सैल पडतात, दुखणं काही काळ दबतं, आणि तेवढ्या वेळात माणूस हालचाल करू शकतो. त्यांचं म्हणणं एवढंच. मला हे आवडलं. मुलाचा मात्र हिरमोड झाला.

खरी गोष्ट तिसऱ्या फेरीत झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मशीनवर बसलेला तुमचा व्हिडिओ आणा, बाजूनं काढलेला. मुलानं आणला. त्यांनी तो तीनदा पाहिला. माझं स्टूल बुटकं, त्यावर चिंध्यांची गादी, ती बसून बसून एका बाजूला दबलेली. पायाचं पेडल लांब, म्हणून मी स्टूलच्या टोकावर. आणि ट्यूबलाईट माझ्या पाठीमागं, म्हणजे सुईवर माझीच सावली. ती सावली चुकवायला एकवीस वर्षं मी मान घालून, पुढं झुकून, डावीकडं कलून शिवतेय. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, अन् माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. कटिंग मास्टरपासून ठेकेदारापर्यंत सगळे रोज बघतात की!

स्टूल चार बोटं उंच केलं, पेडल पुढं ओढलं, सुईजवळ छोटा दिवा लावला. दीडशे रुपयांचा. आणि एक नियम, डझन संपला की उठायचं. घड्याळ बघून उठा म्हटलं असतं तर मी कधीच उठले नसते, डझन मात्र आपोआप मोजला जातो. चालणं, मांजरासारखी पाठ वर-खाली करणं, उताणं झोपून कंबर उचलणं, एवढेच व्यायाम. हे व्यायाम सिव्हिलच्या फिजिओथेरपीतही शिकवतात, तेही सांगून ठेवते. ज्यांना इथली फी जड जाते त्यांनी तिकडं जावं.

त्याच दिवशी त्यांनी मानेलाही हात घातला. माझी मान भरून येते, खरं आहे. पण मी रात्री मोबाईलवर वाचलं होतं, म्हणून थांबवलं आणि विचारलं. तेव्हा म्हणाले, हो, मानेच्या झटक्यानं मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत, फार क्वचित, पण आहेत. म्हटलं, मग झटका नको. त्यांनी वाद घातला नाही, हळूहळू दाबून, ताणून मोकळी केली. तरी माझी तक्रार आहे. हे मी विचारायच्या आधी तुम्ही सांगायला पाहिजे होतं. ते पट्टा बांधून डोकं ओढायचं यंत्र होतं, त्याला तर मी लांबूनच नमस्कार केला.

गुडघे दाखवले, तर स्पष्ट सांगितलं की झीज आहे, इथं कट्ट करून काही होणार नाही, मांड्यांची ताकद वाढवा, वजन उतरवा. वजनाचं बोलले तेव्हा थोडा राग आला.

चौथ्या फेरीला अत्तम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, हट्टानं सोबत आल्या. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या, पाठीचा धनुष्य झालाय. सुनेची कंबर वाजते तर माझी का नाही, असा त्यांचा हिशेब. डॉक्टरांनी पाठीवरून बोट फिरवलं, उंची किती कमी झाली विचारलं आणि सांगितलं, "आजी, तुम्हाला झटका देणार नाही. आधी हाडांची घनता तपासा." अत्तम्मा भडकल्या. तेलुगूत जे काय बोलल्या त्याचा मराठीत सारांश असा की, पैसे देते म्हटलं तरी काम करत नाही, हा कसला डॉक्टर. तपासणी केली, हाडं ठिसूळ निघाली. आता हाडांच्या डॉक्टरकडं औषध चालू आहे. झटका दिला असता तर मणका मोडला असता का, कुणास ठाऊक. पण एवढ्या लांबून, अठरा पायऱ्या चढून आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी परत पाठवलं, तेव्हापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आता उरलेल्या तक्रारी. जिन्यात मोठं पोस्टर आहे, 'मणका सरळ तर सगळे आजार दूर', खाली बीपी, साखर, दमा, काय काय. मी आत विचारलं तर डॉक्टर कानकोंडे झाले. म्हणाले, छापून घेतलेलं आहे, काढायचंय. सहाव्या फेरीपर्यंत तरी काढलं नव्हतं. हे खूळ जुनं आहे म्हणा. १८९५ साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर नावाच्या माणसानं हे शास्त्र काढलं, तेच मुळी इमारतीतल्या एका बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीवर झटका देऊन. त्याला ऐकू यायला लागलं असा पामरचा दावा. कानाची नस डोक्यातल्या डोक्यात मेंदूकडं जाते, पाठीतून नाही, तरी सव्वाशे वर्षं हा किस्सा चालूच आहे. कंबरेपुरतं बोलायचं तर जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जो सल्ला दिला, त्यात व्यायामाबरोबर मणक्याच्या या हाताच्या उपचाराचंही नाव आहे. आणि कमरेचे पट्टे नकोत, असंही त्यात आहे. माझे साडेसहाशे गेले.

दुसरी तक्रार मोबाईलची. पहिल्याच दिवशी मी कुशीवर पडलेली असताना तिथल्या पोरानं न विचारता शूटिंग चालू केलं, वर आवाज नीट यावा म्हणून छोटा माईक टेबलावर ठेवला! माझा मुलगा उठला, व्हिडिओ खोडायला लावला. डॉक्टर सॉरी म्हणाले, पण पोरगं त्यांचंच ना.

तिसरी, पॅकेज. बाहेर पडताना रिसेप्शनवरची मुलगी म्हणे, बारा सिटिंग चोपन्नशे, आजच भरले तर. मी म्हटलं, बाई, मी पीस रेटवर जगते, मीही पीस रेटवरच देणार. पहिल्या वेळचे सातशे, पुढं प्रत्येकी साडेचारशे, सहा फेऱ्यांचे एकोणतीसशे पन्नास झाले. माझ्या आठवड्याच्या मजुरीपेक्षा जास्त. चार फेऱ्या मे-जूनमध्ये, पाचवी दिवाळीनंतर, सहावी जानेवारीत, तीही सामान उतरवताना जरा चमक भरली म्हणून. त्या दिवशी बाकावर शेजारी एक पोरगा होता, संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच जड काठी, पेलायचा सराव करून खांदा धरलेला. डॉक्टर त्याला सांगत होते, आठवडाभर काठीला हात लावू नका. तो म्हणे, डॉक्टर, संक्रांत चार दिवसांवर आहे! डॉक्टरांनी हात जोडले.

कंबर आता कशी आहे? ऐंशी टक्के बरी. कशानं, ते मला छातीठोक सांगता येणार नाही. अचानक भरलेली उसण बऱ्याचदा काही आठवड्यांत आपली आपणच उतरते, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पायाळू आज्जींचं मत वेगळं आहे. परवा पाण्याच्या टाकीपाशी भेटल्या, म्हणाल्या, "बघ, माझ्या पायाला गुण आला की नाही? जरा उशिरा आला एवढंच."

पाचपैकी साडेतीन. अर्धा जिन्यासाठी कापला, एक पोस्टर आणि मोबाईलसाठी. संध्याकाळी सहानंतर जाऊ नका, गर्दी असते आणि चौकशी पाऊण तासावरून दहा मिनिटांवर येते.