क्लीव्हलँडची हेल्थलाइन: रस्ता उत्तम, बस मध्यम

अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलँड शहराच्या युक्लिड ॲव्हेन्यूवर २००८ सालच्या ऑक्टोबरपासून हेल्थलाइन ही बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका असलेली जलद बस) सेवा धावते. शहराच्या मध्यवर्ती पब्लिक स्क्वेअर चौकापासून पूर्वेच्या ईस्ट क्लीव्हलँडपर्यंतचा तिचा मार्ग सुमारे ११ किलोमीटरचा आहे. वाहतूक व विकास धोरणाचा अभ्यास करणाऱ्या आयटीडीपी या संस्थेने २०१३ साली या मार्गालगतच्या गुंतवणुकीचा आकडा ५.८ अब्ज डॉलर इतका मांडला, आणि तेव्हापासून अनेक शहरे या सेवेकडे नमुना म्हणून पाहतात.

या सेवेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते बसखालचे काम. एकोणिसाव्या शतकात रॉकफेलर यांच्यासारख्या धनिकांचे वाडे ज्या रस्त्यावर होते, तो पुढे ओसाड पडला. हा प्रकल्प आला तेव्हा केवळ मधल्या मार्गिका आखून काम उरकले गेले नाही, तर जमिनीखालच्या जुन्या वाहिन्या, फुटपाथ, दिवे आणि झाडे यांचे काम त्याच खोदकामात झाले. शिवाय मिडटाउन भागाची बांधकाम नियमावली बदलून इमारती फुटपाथलगत आणि गाड्यांची जागा मागे, असा आग्रह धरण्यात आला. सुमारे २० कोटी डॉलरच्या खर्चाचे खरे फळ मला यात दिसते, कारण रस्ता पुन्हा पुन्हा खणला जाणार नाही आणि शेजारच्या भूखंडावर काय उभे राहू शकेल, हे आधी ठाऊक असले, तरच बांधकाम व्यावसायिक पैसा गुंतवायला धजावतो.

तरीही तो ५.८ अब्जांचा आकडा संपूर्णपणे बसच्या खात्यात मांडणे मला पटत नाही. क्लीव्हलँड क्लिनिक आणि युनिव्हर्सिटी हॉस्पिटल्स ही बलाढ्य रुग्णालये मार्गावर आधीपासून होती (सेवेचे नावही त्यांनीच प्रायोजित केले आहे), आणि त्यांचा विस्तार बस नसती तरी बऱ्याच अंशी झालाच असता.

बस म्हणून मात्र ही सेवा मध्यमच ठरते. रस्त्याच्या मधोमध राखीव मार्गिका, बसच्या पायरीशी जुळणारे फलाट आणि दोन्ही बाजूंना दारे असलेल्या लांब जोडबस ही मांडणी उत्कृष्ट आहे. परंतु सिग्नलवर बसला प्राधान्य देणारी यंत्रणा बसवूनही ती पूर्ण ताकदीने वापरली गेली नाही, त्यामुळे मोकळ्या मार्गिकेतील बस चौकाचौकांत खोळंबते. पुढे २०१७ साली, संशयाला काही कारण नसताना पोलिसांनी प्रवाशांची तिकिटे तपासणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय तेथील न्यायालयाने दिला. नागरिकांच्या हक्कांच्या दृष्टीने तो मला योग्यच वाटतो, पण आधी तिकीट काढून कोणत्याही दाराने झटपट चढण्याची पद्धत त्यानंतर विस्कटली. तपासणीसाठी पोलिसांऐवजी साधे तिकीट तपासनीस नेमले असते, तर हा पेच टळला असता.

सर्वाधिक खटकते ते पूर्वेकडचे टोक. युनिव्हर्सिटी सर्कल हा भाग ओलांडल्यावर मधली राखीव मार्गिका संपते आणि बस इतर वाहनांच्या गर्दीत शिरते. ईस्ट क्लीव्हलँड ही या मार्गावरची सर्वांत गरीब वस्ती, आणि तिथे ना तशी बांधकामे उभी राहिली, ना तसा रस्ता मिळाला. हा नमुना स्वीकारू पाहणाऱ्या शहराने राखीव मार्गिकेचे काम याच टोकापासून सुरू करावे आणि रुग्णालयांच्या भागाकडे नंतर वळावे.