तीन कोटेशनं, तीन वेगळे हिशेब: पॅनेल, मॉड्युलर की मॅन्युफॅक्चर्ड घर?

माझ्या मामेभावाने आणि वहिनीने नॉर्थ कॅरोलिनात एक एकर जमीन घेतली आणि गेल्या महिन्यात मला तीन कोटेशनं पाठवली. एक पॅनेलच्या घराचं, एक मॉड्युलरचं आणि एक मॅन्युफॅक्चर्डचं, म्हणजे ज्याला बरेच जण अजून मोबाइल होम म्हणतात त्याचं. खाली दादाची एकच ओळ होती: "यातलं स्वस्त कुठलं ते सांग." आकडे शेजारी शेजारी ठेवले तर पॅनेलचं घर सगळ्यांत स्वस्त दिसत होतं. पूर्ण हिशेब मांडल्यावर तेच सगळ्यांत महाग निघालं.

तिन्ही कागद वेगवेगळ्या ठिकाणी थांबत होते, म्हणून असं झालं. पॅनेलवाल्याचा आकडा भिंती आणि छताचे भाग प्लॉटवर उतरवले की संपत होता. मॉड्युलरवाल्याने घर क्रेनने पायावर ठेवून देण्यापर्यंतचा खर्च धरला होता, पण पाया धरला नव्हता. मॅन्युफॅक्चर्डच्या डीलरने घर, वाहतूक, बसवणी आणि एसीसुद्धा धरलं होतं. सेप्टिक, बोअर, विजेची जोडणी, गाडीरस्ता यांचा उल्लेख मात्र तिघांच्याही कागदावर नव्हता, आणि हा खर्च तुम्ही कुठलंही घर घेतलंत तरी चुकत नाही. म्हणून पहिली विनंती ही, की प्रत्येकाकडून "किल्ली हातात येईपर्यंत" किती, हा आकडा लेखी घ्या. जे काम त्यांच्याकडे नाही त्याचं कोटेशन स्थानिक कॉन्ट्रॅक्टरकडून घेऊन त्यात मिळवा. त्यानंतरच तुलना करा.

आता ही तीन घरं म्हणजे नेमकं काय ते पाहू. तिन्ही कारखान्यातून येतात, पण अमेरिकेत ती तीन वेगळ्या वाटांनी जातात.

पॅनेलच्या घरात कारखान्यातून सपाट भाग येतात: भिंतींचे तुकडे, जमिनीचे भाग, छताच्या कैच्या, म्हणजे त्रिकोणी चौकटी. ते प्लॉटवर उभे करून जोडले जातात. त्यात उघडं पॅनेल आणि बंद पॅनेल असे दोन प्रकार आहेत. उघड्या पॅनेलमध्ये आतली लाकडी चौकट दिसते, त्यामुळे वायरिंग आणि नळकाम जागेवर होतं आणि गावचा इन्स्पेक्टर ते नेहमीच्या घरासारखं तपासतो. बंद पॅनेल इन्सुलेशनसकट दोन्ही बाजूंनी झाकून येतं, म्हणून त्याची तपासणी कारखान्यातच व्हावी लागते. बजेट ताणलेलं असेल तर बहुतेकांना उघडं पॅनेलच परवडतं.

मॉड्युलर घर खोक्यांच्या रूपात येतं. खोक्यात भिंती, वायरिंग, नळ, किचनची कपाटं, बाथरूमच्या टाइल्स असं बहुतेक सगळं बसवलेलं असतं. ते त्या राज्याच्या आणि गावाच्या बांधकाम नियमांप्रमाणेच बांधतात, म्हणजे शेजारच्या विटा-लाकडाच्या घराला जो नियम तोच यालाही. एकदा कायमच्या पायावर बसलं की बँक आणि मूल्यांकन करणारे त्याला साध्या घरासारखंच धरतात.

मॅन्युफॅक्चर्ड घराचा कायदाच वेगळा आहे. १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या घरांसाठी राष्ट्रीय मानकांचा कायदा केला आणि १५ जून १९७६ पासून हड या केंद्रीय खात्याची संहिता लागू झाली. त्याआधीचं ते मोबाइल होम, नंतरचं ते मॅन्युफॅक्चर्ड. ते स्टीलच्या चासीवर, म्हणजे चाकं लावता येणाऱ्या सांगाड्यावर, बांधलं जातं आणि त्याच चासीवरून ओढून आणलं जातं. ही संहिता केंद्राची असल्यामुळे गावाला स्वतःचा बांधकाम नियम त्यावर लादता येत नाही. त्यातूनच कारखान्याला एकच नकाशा शंभर ठिकाणी विकता येतो. या घरांच्या स्वस्ताईचं एक मोठं कारण इथे आहे.

जुनं मॅन्युफॅक्चर्ड घर बघायला गेलात तर घराच्या मागच्या कोपऱ्यात जा. घराच्या आतल्या फरशीच्या पातळीपासून साधारण फूटभर वर, बाहेरच्या भिंतीवर खेळायच्या पत्त्याएवढी लाल धातूची पट्टी ठोकलेली दिसेल. तीवर कोरलेला क्रमांक असतो. घर दोन भागांचं, म्हणजे दोन तुकड्यांत आणून जोडलेलं, असेल तर दोन पट्ट्या हव्यात. मग आत जा आणि किचनच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, विजेच्या पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या कपाटात चिकटवलेला छापील कागद शोधा. त्यावर घर कुठल्या वारा-विभागासाठी आणि किती बर्फाच्या वजनासाठी बांधलंय ते लिहिलेलं असतं. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर १९९४ मध्ये किनाऱ्यालगतच्या भागांसाठी वाऱ्याचे निकष कडक झाले, म्हणून समुद्राजवळ घर ठेवायचं असेल तर तो कागद वाचल्याशिवाय बयाणा देऊ नका. पट्टी उखडलेली किंवा कागद गायब असेल तर कर्ज मिळवताना अडचण येते. रंगकाम करताना कुणीतरी पट्टी काढून टाकतं आणि वर्षांनी त्याची शिक्षा पुढचा खरेदीदार भोगतो.

आता पैसा नेमका कुठे वाचतो? पॅनेलच्या बाबतीत सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच होतो. नॅशनल असोसिएशन ऑफ होम बिल्डर्सच्या २०२४ च्या पाहणीनुसार घराच्या एकूण बांधकाम खर्चात फ्रेमिंगचा, म्हणजे चौकट उभी करण्याचा वाटा सुमारे १७ टक्के होता. २०२२ मध्ये लाकूड महाग असताना तो सुमारे २० टक्के होता. पॅनेल तुमची बचत करतं ती मुख्यतः एवढ्याच तुकड्यात. त्या तुकड्याचा चौथा हिस्सा वाचला तरी एकूण खर्च चार-पाच टक्क्यांनीच उतरतो. आतल्या फिनिशिंगचा वाटा त्याच पाहणीत सुमारे २४ टक्के आहे, आणि तो पॅनेलमुळे तसूभरही कमी होत नाही. ड्रायवॉल (आतल्या भिंतींचे जिप्समचे फलक) लावणारे, रंगारी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन सगळे तुम्हालाच शोधायचे, त्यांच्या तारखा तुम्हीच जुळवायच्या. आठवड्या-दोन आठवड्यांत छत चढतं आणि घर झाल्यासारखं वाटतं, पण पुढचे कित्येक महिने तसेच उभे असतात.

तरीही ज्याच्या हातात कला आहे त्याच्यासाठी पॅनेलच खरं. दादाचा एक मित्र इलेक्ट्रिशियन आहे आणि त्याचा सासरा सुतारकाम जाणतो. त्यांनी स्वतः राबून आतलं बहुतेक काम केलं आणि मजुरीचे पैसे वाचवले. तुम्ही दोघंही नोकरी करता आणि हातोडी फक्त फोटो टांगायला धरता, तर ही बचत तुमच्या वाट्याला येणार नाही.

मॉड्युलरमध्ये वेळ वाचतो, कारण इकडे पाया खणला जात असतानाच तिकडे कारखान्यात खोकी बांधली जात असतात. पावसाने लाकूड भिजत नाही, सुतार सुट्टीवर जात नाही. पण पैशांची बचत जाहिरातीत वाटते तेवढी नसते. वाहतूक, क्रेन आणि जोडणी यांत तिचा बराच भाग जातो. आमचं घर मॉड्युलर आहे. क्रेनने दुसरा अर्धा भाग पहिल्याशेजारी उतरवला तो क्षण मला अजून आठवतो: दोन्हींच्या मध्ये हातभर फट, चार माणसं साखळ्यांनी ती ओढून मिटवत होती आणि एकजण खाली वाकून बोल्टची भोकं जुळतात का बघत होता. ती जोडरेषा आमच्या बैठकीच्या खोलीतून जाते. पहिल्या हिवाळ्यात बेडरूमच्या दाराच्या वर भिंतीला केसासारखा तडा गेला. प्रवासात घर थोडं हलतंच, त्यामुळे असा तडा धोक्याचा नसतो. पण दुरुस्ती कुणी करायची यावर कारखाना आणि जोडणारा कॉन्ट्रॅक्टर एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. पाच महिने गेले. तुमच्या करारात जोडरेषेची आणि प्रवासातल्या तड्यांची जबाबदारी कुणाची, हे नाव घालून लिहून घ्या.

मॅन्युफॅक्चर्ड घराची किंमत बाकी दोघांच्या आसपासही येत नाही. अमेरिकी जनगणना विभागाच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये नव्या मॅन्युफॅक्चर्ड घराची सरासरी किंमत जमीन सोडून सव्वा लाख डॉलरच्या आसपास होती. एका भागाचं घर त्याहून बरंच खाली, दोन भागांचं दीड लाखाच्या घरात. घेताना इन्सुलेशन आणि खिडक्यांचा वरचा पर्याय मागा, वीजबचतीचं एनर्जी स्टार प्रमाणपत्र असलेलं मॉडेल मिळतं का ते विचारा. थोडे पैसे जास्त जातील, पण विजेचं बिल दर महिन्याला येतं आणि घर तेच राहतं.

खरी कसोटी लागते ती कर्जात. पॅनेल आणि मॉड्युलर दोन्हींना सहसा बांधकाम कर्ज मिळतं आणि घर झाल्यावर ते साध्या गृहकर्जात बदलतं. मॉड्युलरमध्ये एक पेच आहे. बँक काम दिसेल तसे पैसे सोडते, कारखान्याला मात्र खोकी दाराबाहेर पडण्याआधी मोठी रक्कम हवी असते. मधल्या काळात ते पैसे कुठून येणार, हे बँकेला आधीच विचारा.

मॅन्युफॅक्चर्डमध्ये घर जमिनीसकट स्थावर मालमत्ता म्हणून नोंदवलं तर साधं गृहकर्ज मिळू शकतं. एफएचए या केंद्रीय संस्थेच्या विम्याचं कर्ज मिळतं, आणि बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे व फ्रेडी मॅक यांच्याही खास योजना आहेत. घर भाड्याच्या जागेवर ठेवलं तर ते गाडीसारखी जंगम वस्तू ठरतं आणि त्यावर चॅटल कर्ज मिळतं, ज्याचा व्याजदर जास्त असतो. हिशेबासाठी समजा १ लाख डॉलर, २० वर्षं. ७ टक्क्यांनी हप्ता सुमारे ७७५ डॉलर येतो, १० टक्क्यांनी सुमारे ९६५. फरक दरमहा १९० डॉलरचा, २० वर्षांत साडेपंचेचाळीस हजारांचा. घराच्या किमतीत जे वाचवलं त्यातलं बरंचसं व्याजात निघून जातं. वर जागेचं भाडं वेगळं, आणि ते जागामालक वाढवू शकतो. नाव मोबाइल होम असलं तरी ते उचलून दुसरीकडे नेणं हजारो डॉलरचं काम आहे, त्यामुळे भाडेकरू अडकून पडतो. रहिवाशांची सहकारी संस्थाच जमिनीची मालक असलेल्या वसाहती काही राज्यांत आहेत. भाड्याच्या जागेवरच राहायचं असेल तर आधी अशी वसाहत शोधा.

स्वतःची जमीन असेल तर नॉर्थ कॅरोलिनात गाडीसारखं डीएमव्हीचं (वाहन नोंदणी खात्याचं) टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, रद्द करून घर जमिनीच्या कागदांना जोडता येतं. त्यासाठी चाकं, आस आणि ओढण्याचा दांडा काढून ते कायमच्या पायावर बसवावं लागतं. इतर राज्यांत पद्धत वेगळी असेल, काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्हा कार्यालयात, विचारा. हे काम घर बसलं त्याच महिन्यात उरका. पाच वर्षांनी विकायला काढल्यावर ते आठवलं तर खरेदीदाराची बँक थांबत नाही.

काउंटीत आणखी दोन गोष्टी विचारायच्या. एक, त्या प्लॉटवर झोनिंगप्रमाणे, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधता येतं त्या नियमांप्रमाणे, मॅन्युफॅक्चर्ड घर चालतं का. बांधकामाचा नियम गावाच्या हातात नसला तरी ते कुठे ठेवायचं हे गाव ठरवू शकतं. दोन, जमिनीच्या खरेदीखतातल्या अटी. काही खतांत मोबाइल होमसोबत मॉड्युलरलाही मनाई लिहिलेली असते. कायद्याने दोन्ही वेगळी असली तरी ते वाक्य तुम्हाला अडवतं.

माझं मत विचाराल तर: जमीन स्वतःची, झोनिंगची परवानगी आणि बजेट खरंच ताणलेलं, तर दोन भागांचं मॅन्युफॅक्चर्ड घर कायमच्या पायावर घ्या आणि स्थावर म्हणून नोंदवा. झोनिंग आडवं आलं, किंवा विकताना शेजारच्या घरांच्या रांगेत बसायचं असेल, तर मॉड्युलर. पॅनेल तेव्हाच, जेव्हा घरात कामाची माणसं आहेत किंवा प्लॉटपर्यंत मोठा ट्रक जाऊच शकत नाही.

दादाच्या बाबतीत शेवटचं कारणच महत्त्वाचं ठरू शकतं. त्याच्या जमिनीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला एक वळण आहे आणि वळणावर जुना ओक. मॉड्युलरचं खोकं असो की मॅन्युफॅक्चर्डचा अर्धा भाग, चौदा-सोळा फूट रुंद आणि साठ फुटांहून लांब असा ऐवज तिथून वळायला हवा. वहिनीने रविवारी टेप घेऊन रस्त्याची रुंदी मोजली. ओकच्या खोडापासून पलीकडच्या चरापर्यंत एकोणीस फूट भरले. तिने फोटो आणि मापं तिघांनाही पाठवली आहेत आणि वाहतूक करणाऱ्याने येऊन रस्ता पाहावा असं लेखी मागितलं आहे. त्यांचं उत्तर येईपर्यंत कुणालाही बयाणा द्यायचा नाही, एवढं त्या दोघांनी ठरवलं आहे.