४८ तासांचा गेम जॅम: गोडो, युनिटी की पिको-८?

गेम जॅमला, म्हणजे ठरलेल्या थोड्या तासांत अख्खा व्हिडिओ गेम बनवायच्या उपक्रमाला, नाव दिलंय, हातात दोन आठवडे आहेत आणि तो कोणत्या इंजिनात (खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरात) बनवायचा हे काही ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितेय.

माझ्या पहिल्या जॅममध्ये रविवारी रात्री खेळ पूर्ण झाला होता. मुदत संपायला दोन तास होते. तोवर तो मी फक्त इंजिनातच चालवून पाहिला होता. ब्राउझरसाठी बिल्ड (इंजिनाबाहेर चालणारा तयार खेळ) काढायला गेले तेव्हा कळलं, की त्यासाठी लागणाऱ्या फायली वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात. फोनच्या हॉटस्पॉटवर त्या उतरेपर्यंत वेळ निघून गेला असता, म्हणून विंडोजची एक्सई फाइल चढवून मोकळी झाले. ती चौघांनी उघडली, त्यातले दोघे माझ्या ओळखीचे. चूक सर्वस्वी माझी होती, पण तेव्हापासून मी इंजिनं एकाच कसोटीवर घासून बघते: रविवारी रात्री, डोकं चालेनासं झालेलं असताना, हे इंजिन मला ब्राउझरमध्ये चालणारा खेळ किती सहज काढून देईल?

ब्राउझरचा एवढा आग्रह का, तर जॅममध्ये गुण देणारे बहुतेक जण तुमच्यासारखेच स्पर्धक असतात. त्यांच्यापुढे शेकडो खेळ असतात आणि अनोळखी माणसाची फाइल आपल्या संगणकावर उतरवायला कुणी राजी नसतं. लुडम डेअर या जुन्या ऑनलाइन जॅममध्ये तर साधारण २० जणांनी गुण दिल्याशिवाय तुमचा खेळ क्रमवारीतच येत नाही.

आधी जॅम कोणता ते बघा

कारण नियमांवर तयारी ठरते. लुडम डेअर २००२ पासून चालत आलाय आणि त्यात दोन मुख्य वाटा आहेत. 'कॉम्पो' ४८ तासांची: एकट्याने करायचं, चित्रं, आवाज, संगीत सगळं त्याच वेळेत स्वतः बनवायचं आणि शेवटी कोडही उघड करायचा. 'जॅम' ७२ तासांचा: टीम चालते, आधीची किंवा दुसऱ्यांची चित्रंही चालतात. ग्लोबल गेम जॅम २००९ साली सुरू झाला. ती स्पर्धा नाही, तिथे पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. माणसं एका ठिकाणी जमून खेळ करतात, ही त्याची खरी मजा. पूर्वी तो एकाच शनिवार-रविवारचा असायचा, २०२३ पासून आठवडाभर पसरला. जीएमटीके जॅम २०१७ पासून इच डॉट आयओ या खेळ चढवायच्या साईटवर भरतो. आधी ४८ तासांचा होता, अलीकडे ९६ तासांचा झालाय.

पहिलीच वेळ असेल आणि जवळपास ग्लोबल गेम जॅमचं केंद्र असेल, तर मी डोळे झाकून तिकडे जायला सांगेन. अडलात तर शेजारच्या टेबलावर विचारता येतं. पण एकट्याने आपल्याला काय काय जमतं हे बघायचं असेल, तर कॉम्पोला पर्याय नाही.

घड्याळाचा हिशेबही आत्ताच करून ठेवा. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे उन्हाळ्यातले संध्याकाळचे सहा म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची सकाळ, साडेसहा. म्हणजे तिथे रविवारी संध्याकाळी सहाला मुदत संपते तेव्हा पुण्यात सोमवारची कचेरीची वेळ होत आलेली असते. मी मुदत कागदावर कितीही असो, माझी मुदत रविवारी रात्री नऊ धरते. आणि जमलं तर सोमवारी रजा.

रविवारची रात्र: तिघांची परीक्षा

पिको-८ इथे सरळ जिंकतो. तो म्हणजे एक काल्पनिक गेमिंग यंत्र आहे: १२८ बाय १२८ ठिपक्यांचा पडदा, १६ रंग, आवाजाच्या चार वाहिन्या. कोड लुआ भाषेत लिहायचा आणि तोही ८१९२ टोकनांच्या (कोडमधल्या सुट्या शब्द-चिन्हांच्या) आत बसवायचा. चित्रं काढायची, नकाशा मांडायचा, आवाज घडवायचे, सगळं त्या एकाच खिडकीत. एक आज्ञा टाइप केली, की ब्राउझरचा खेळ तयार. आत-बाहेर बघायला काही उरतच नाही.

गोडोत बिल्ड काढणं अवघड नाही, पण तीन खड्डे आहेत. पहिला, एक्स्पोर्ट टेम्प्लेट, म्हणजे बिल्ड काढायला लागणाऱ्या त्याच वेगळ्या फायली. ती इंजिनापासून वेगळी येतात, नेमक्या त्याच आवृत्तीची लागतात आणि इंजिनापेक्षा कितीतरी जड असतात. आजच उतरवून ठेवा, आणि जॅमच्या आदल्या दिवशी नवी आवृत्ती आली म्हणून मोहात पडू नका. दुसरा, नवीन प्रोजेक्ट उघडताना रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) निवडायला सांगतात तिथे 'कंपॅटिबिलिटी' घ्या. ब्राउझरमध्ये फक्त तोच चालतो. दुसरा घेऊन दोन दिवस प्रकाशयोजना सजवलीत, तर वेबवर ती वेगळीच दिसते. तिसरा, ४.३ च्या आधीच्या ४.x आवृत्त्यांची वेब बिल्ड ब्राउझरकडून एक खास परवानगी मागतात. इचवर त्यासाठी खेळाच्या पानाच्या सेटिंगमध्ये एक चौकट असते, तिथे खूण केली नाही तर खेळ सुरूच होत नाही. ४.३ पासून त्याशिवाय चालणारं बिल्ड काढता येतं, म्हणून ४.३ किंवा पुढचीच आवृत्ती घ्या. शिवाय गोडो-४ मध्ये सी-शार्पने लिहिणार असाल तर मी थांबवेन. जॅमसाठी गोडोची स्वतःची भाषा, जीडीस्क्रिप्टच वापरा, कारण मला माहीत असलेल्या गोडो-४ च्या आवृत्त्यांत सी-शार्पचा प्रोजेक्ट वेबवर नेता येत नाही.

युनिटीत वेब बिल्डचं मॉड्यूल 'युनिटी हब' या तिच्या इन्स्टॉलरमधून आधी घालून घ्यावं लागतं. पहिलं बिल्ड फार वेळ खातं, कारण तुमचा सी-शार्प कोड आधी सी-प्लस-प्लसमध्ये आणि मग ब्राउझरला चालवता येणाऱ्या वेबअसेंब्लीत उतरवला जातो. साध्या लॅपटॉपवर चहा करून, पिऊन, कप विसळून परत यावं इतका. रविवारी रात्री साडेआठला एक बग सापडला आणि प्रत्येक प्रयत्नाला असा चहा होऊ लागला, तर मुदत गेलीच समजा. एक्स्पोर्ट करताना 'डीकम्प्रेशन फॉलबॅक' चालू ठेवा, नाहीतर दाबून लहान केलेल्या फायली काही सर्व्हरांवरून नीट उघडत नाहीत आणि पडदा लोड होता होता अडकतो.

तरीही, तुम्ही युनिटीत दोन वर्षं काम केलं असेल तर युनिटीच घ्या. हे मला अगदी ठामपणे सांगायचंय. दोन आठवड्यांत नवं इंजिन शिकता येतं, पण हाताला वळण लागत नाही, आणि जॅममध्ये वळणच कामाला येतं. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लावायचं जाहीर केलं आणि बरेच जॅमवाले गोडोकडे वळले. वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ते शुल्क रद्द झालं. फुकट वाटायच्या जॅमच्या खेळाला त्याचा कधीच फटका बसणार नव्हता, त्यामुळे या निवडीत तो मुद्दा आणू नका. थ्रीडी आणि तयार साहित्य यांत युनिटी अजूनही पुढे आहे.

लॅपटॉप आणि खिसा

गोडो मोफत आहे, एमआयटी या खुल्या परवान्याचा आहे, झिप उघडली की चालतो. बेताच्या लॅपटॉपवरही रडत नाही. कॉलेजमधल्या मुलामुलींना मी म्हणूनच तोच सुचवते. युनिटी शिकण्यासाठी मोफत आहे, पण डिस्कवर अनेक जीबी जागा लागते आणि जुन्या यंत्रावर प्रत्येक बदलानंतर वाट बघावी लागते. पिको-८ विकत घ्यावा लागतो, साधारण १५ डॉलर, आणि तो कुठल्याही खटाऱ्यावर चालतो.

गेममेकर आणि कन्स्ट्रक्ट ही दोन नावंही कानावर येतील. कोड लिहायचाच नसेल तर कन्स्ट्रक्ट बघण्यासारखं आहे. गेममेकर २०२३ पासून बिगर-व्यावसायिक कामाला मोफत आहे आणि टूडीसाठी चांगलं आहे. पण या दोन्हींत मी एकही जॅम केलेला नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

खेळ मराठीत करायचा असेल तर

इथे फरक इतका मोठा आहे, की बाकीचं सगळं बाजूला राहतं. युनिकोडमध्ये 'कि' लिहिताना आधी क साठवला जातो आणि मग पहिली वेलांटी. ती क च्या अलीकडे आणून बसवायचं, क आणि ष यांचा क्ष करायचा, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवायचा, हे काम अक्षरजुळणी करणाऱ्या यंत्रणेचं. गोडो-४ मध्ये ती आहे. देवनागरी फॉन्ट फोल्डरमध्ये टाका, लेबलात 'क्षितिज' लिहा, 'क्षितिज'च दिसतं.

युनिटीत मजकूर दाखवायला सगळे वापरतात त्या टेक्स्टमेशप्रोमध्ये ही जुळणी होत नाही. जोडाक्षरं हलन्त घेऊन सुटी होतात आणि वेलांटी भलतीकडे जाते. उपाय आहे: मोजकीच वाक्यं असतील तर ती इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून चित्र म्हणून आणायची. दहा वाक्यांपर्यंत ते जमतं, संवादांवर उभ्या असलेल्या खेळाला नाही. पिको-८ च्या फॉन्टमध्ये एक अक्षर उण्यापुऱ्या पाच ठिपक्यांच्या उंचीचं. त्यात शिरोरेषा, वर मात्रा आणि खाली उकार एकत्र मावणार कुठे? एखादं शीर्षक स्प्राइट (छोटं चित्र) म्हणून हाताने रंगवावं, एवढंच.

फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले 'मुक्त' (Mukta) किंवा 'बलू' (Baloo) बघा. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, खेळासोबत वाटता येतात. मराठीत खेळ करा, असं मी मनापासून म्हणते. बाहेरच्या परीक्षकांसाठी खाली बारीक इंग्रजी ओळ द्या, पण आपल्या भाषेत चाललेला खेळ बघून घरच्यांचा चेहरा जो होतो, तो बघायला हवा.

आवाज, चित्रं, टीम

आवाज शेवटच्या तासासाठी ठेवू नका. एसएफएक्सआर नावाचं छोटं साधन २००७ साली लुडम डेअरच्याच स्पर्धकांसाठी लिहिलं गेलं: बटण दाबा, उडीचा, नाण्याचा, स्फोटाचा आवाज घ्या. आता ते ब्राउझरमध्येही मिळतं. त्याहून मला आवडतं ते फोनवर रेकॉर्ड करणं. कुकरची शिट्टी, पाटा-वरवंटा, लोखंडी कपाटाचं दार: असे आवाज दुसऱ्या कुणाच्या खेळात नसतात. तयार चित्रं चालत असतील तर केनी ही खेळांसाठी तयार चित्रं देणारी साईट उघडा, तिथलं सगळं सीसी-झिरो आहे. परवानगी विचारायला नको, श्रेय देणंही बंधनकारक नाही.

टीम दोघातिघांची ठेवा. गोडोचे सीन (खेळाचे एकेक भाग) साध्या मजकुराच्या फायली असल्याने गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, दोघांचे बदल एकत्र करताना निदान काय झालंय ते वाचता येतं. युनिटीचे सीन वाचताना डोळे फिरतात, तिथे 'हा सीन आज माझा' असं तोंडीच ठरवून घ्या. पिको-८ चा सगळा खेळ एकाच फाइलमध्ये, त्यामुळे तो मुळात एकट्याचा किंवा पाळीपाळीने बसणाऱ्यांचा. गिट कुणालाच येत नसेल, तर एकाने सगळं जोडायचं आणि बाकीच्यांनी त्याला फायली द्यायच्या. जॅमच्या पहिल्या रात्री गिट शिकायला बसू नका.

डोक्याची तयारी

मोठी कल्पना की छोटी, ही तुलना इंजिनांच्या तुलनेहून महत्त्वाची आहे. 'बाबा इज यू' हा खेळ २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये जन्मला. थीम, म्हणजे जॅमने सगळ्यांना दिलेला विषय, होती 'तिथे नाही'. कल्पना एकच: पडद्यावरचे शब्द ढकलून खेळाचे नियमच बदलायचे. ना गोष्ट, ना दहा शत्रू. एका नियमाच्या तळापर्यंत जायचं, बस. तुम्हाला थीम कळल्यावर सुचणारी पहिली कल्पना आणखी शंभर जणांना सुचलेली असते. तासभर कागदावर लिहीत बसा, चौथी-पाचवी येऊ द्या. मग त्यातली सर्वांत लहान निवडा आणि तीही अर्धी करा.

शनिवारी जेवायच्या आधी चौकोन हलला पाहिजे, आणि हरता-जिंकता आलं पाहिजे. शनिवारी झोपायच्या आधी खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता आला पाहिजे, कितीही कुरूप असला तरी. आणि झोपाच. पहाटे तीनला लिहिलेला कोड मी सकाळी दहाला पुसलाय, एकदा नाही, तीनदा. रविवार नव्या कल्पनांचा नाही. त्या दिवशी आवाज, उडीचा बाज आणि पहिली तीस सेकंद, एवढंच. परीक्षक सूचना वाचत नाहीत. पहिल्या तीस सेकंदांत हाताला कळलं नाही तर टॅब बंद होते.

माझी निवड विचाराल, तर: नव्याने येणाऱ्याने आणि मराठीत लिहिणाऱ्याने गोडो घ्यावा. युनिटीत हात बसलाय त्याने युनिटी सोडू नये, फक्त पहिलं वेब बिल्ड शनिवारीच काढावं. एकट्याने कॉम्पोला बसणाऱ्याने, विशेषतः कल्पना फुगवायची सवय असलेल्याने, पिको-८ घ्यावा. तो पडदाच तुम्हाला फुगू देत नाही.

आणि या शनिवारी, जॅमच्या आधीच, अर्धा दिवस काढा. निवडलेल्या साधनात एक हलणारा चौकोन, एक आवाज, एक मराठी ओळ आणि एक 'सुरू करा' बटण करा. इचवर ड्राफ्ट म्हणून चढवा. झिपमध्ये हजारपेक्षा जास्त फायली नकोत, आणि इंडेक्स नावाची एचटीएमएल फाइल लागतेच. मग ते पान दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडा. बटण मुद्दाम सांगितलंय: खेळणाऱ्याने कुठेतरी स्पर्श केल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजू देत नाही.