घरच्या डॅकला सप्लाय कुठला: अडॅप्टर, बॅटरी की ट्रान्सफॉर्मर?

स्वतः जोडलेला डॅक, म्हणजे लॅपटॉपच्या डिजिटल आकड्यांचा ऑडिओ सिग्नल करणारा बोर्ड, वाजायला लागला की पहिले दोन दिवस नुसता आनंद असतो, त्यात काही खटकत नाही. तिसऱ्या रात्री एखादा विलंबित ख्याल लावावा, गायक श्वासाला थांबावा, मागे फक्त तानपुरे राहावेत, आणि तेव्हा लक्षात येतं की तानपुऱ्यांच्या खाली अजून एक सूर चालू आहे जो मैफिलीतला नाही. मला तो ऐकू आला आणि पुढचं जवळजवळ दीड वर्ष मी एकच बोर्ड तीन वेगवेगळ्या सप्लायवर चालवला. हे त्याबद्दल. चिप ईएस ९०३८क्यू२एम, समोर लॅपटॉप, मागे तीन पिनचा अ‍ॅम्प, घर पुण्यात कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीत. तुमची चिप पीसीएम ५१०२ए असो की अजून कुठली, सप्लायचं गणित फारसं बदलत नाही.

पण आधी दोष खरंच सप्लायचा आहे का ते बघा, नाहीतर पैसे वाया जातात. अ‍ॅम्पच्या इनपुटला आतल्या आत शॉर्ट केलेले आरसीए, म्हणजे ऑडिओ केबलचे, प्लग लावा, तरी आवाज येत असेल तर डॅकला हात लावू नका, ते दुखणं अ‍ॅम्पचं आहे. नाही आला तर डॅक जोडा पण बंद ठेवा, मग चालू करा पण यूएसबी काढून, मग यूएसबी लावा पण लॅपटॉपचा चार्जर काढून, असं एकेक पायरी चढत जा आणि कुठल्या पायरीला आवाज सुरू झाला ते लिहून ठेवा. आवाजाची जातही सांगते बरंच काही. जाड, गोल घूं म्हणजे ५० हर्ट्झ, बहुतेक वेळा ग्राउंड लूप (अर्थच्या दोन वाटांमधून फिरणारा करंट) नाहीतर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. करकरीत, कडा असलेली भुणभुण म्हणजे १०० हर्ट्झ आणि त्याचे पट, ती ब्रिजच्या, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडच्या, बाजूने येते. आणि बारीक शीळ, जी माउस हलवला की बदलते, ती लॅपटॉपची. यूएसबीची पाकिटं फुल-स्पीडला सेकंदाला १००० आणि हाय-स्पीडला ८००० जातात, दोन्ही कानाच्या टप्प्यातच आहेत. चार्जर काढल्यावर घूं गेली तर लूप लॅपटॉपच्या अर्थिंगमधून आहे आणि त्यावर कितीही भारी सप्लाय आणला तरी उपयोग नाही, तिथे यूएसबी आयसोलेटर लागतो, जो डेटा जाऊ देतो पण ग्राउंडची जोड तोडतो, किंवा सरळ ऑप्टिकल केबल. एडीयूएम ४१६० चिपचे स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटचेच आहेत, म्हणजे स्टिरिओ २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंत, तेही तुमचा यूएसबी बोर्ड फुल-स्पीडवर चालायला तयार असेल तर. मला तेवढं पुरतं. हे काम मी आधी केलं, त्यामुळे पुढचं सगळं आयसोलेटर लावल्यानंतरचं आहे.

आणि मल्टिमीटर हातात आहे तर भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग पण बघून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे हवेत, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्टच्या आत. जुन्या इमारतींमध्ये अर्थची पिन नुसती शोभेला असते, वायर पोचलेलीच नसते. तसं असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, डॅक नंतर.

आता अडॅप्टर, म्हणजे करंट फार वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बनवणारा स्विचिंग सप्लाय. मी इथूनच सुरुवात केली आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर वाईट गोष्ट नाही ती. हलका, स्वस्त, व्होल्टेज पडलं-चढलं तरी फरक नाही, इन्व्हर्टरवर बिनतक्रार चालतो. पुढे एलटी ३०४५ हा कमी नॉइजचा रेग्युलेटर लावला की कागदावर सगळं सुंदर दिसतं. या आयसीचा स्वतःचा नॉइज ०.८ मायक्रोव्होल्ट, तर एलएम ३१७ या नेहमीच्या रेग्युलेटरचा ३.३ व्होल्टला सुमारे १०० मायक्रोव्होल्ट होतो, आणि माझ्यासारख्या ईएसएस कंपनीच्या चिपमध्ये एव्हीसीसी, म्हणजे अ‍ॅनालॉग सप्लायची पिन, हाच रेफरन्स असल्यामुळे तिथला नॉइज सरळ आउटपुटमध्ये उतरतो, त्यामुळे त्या पिनवर चांगला रेग्युलेटर लावलाच पाहिजे, सप्लाय कुठलाही असो. मला वाटलं होतं की आता झालं.

पण रेग्युलेटर काम करतो प्लस आणि ग्राउंडच्या मधल्या नॉइजवर. जो नॉइज प्लस आणि ग्राउंड दोघांना एकदम वरखाली हलवतो तो रेग्युलेटरला दिसतच नाही. आणि अडॅप्टरमध्ये प्रायमरी (भिंतीकडची बाजू) आणि सेकंडरी (डॅककडची बाजू) यांच्या मध्ये एक वाय कॅपॅसिटर असतो, मुद्दाम ठेवलेला, रेडिओ इंटरफिअरन्स कमी व्हावा म्हणून. २.२ नॅनोफॅरडचा धरला तर २३० व्होल्ट ५० हर्ट्झला त्यातून जास्तीत जास्त ०.१६ मिलिअँपिअरच्या आसपास करंट जाऊ शकतो. दोन पिनच्या अडॅप्टरला तो परत जायला स्वतःची वाट नाही, मग तो डॅकच्या ग्राउंडमधून आरसीएच्या शील्डमध्ये, तिथून अ‍ॅम्पमध्ये आणि अ‍ॅम्पच्या तिसऱ्या पिनेतून अर्थला जातो. आकडा लहान आहे. पण सिग्नलचं ग्राउंड आणि या करंटची वाट एकच, आणि त्या वाटेने नुसते ५० हर्ट्झ येत नाहीत, लाईनवर जे काही असेल ते सगळं येतं.

माझ्याकडे आलं ते पंख्याच्या रेग्युलेटरवरून. एप्रिलचे दिवस, पंखा तीनवर, आणि स्पीकरमधून करकर. पंखा पाचवर केला की गायब. दोनवर अजून वाईट. जुना गोल फिरणारा ट्रायकवाला रेग्युलेटर होता, तो प्रत्येक अर्ध्या लाटेत मधूनच करंट चालू करतो, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा लाईनवर झटका. मी रेग्युलेटर बदलून कॅपॅसिटरचा पायऱ्यांवाला लावला, करकर गेली, मी निवांत झालो. आठवड्याने रात्री साडेनऊला परत. आईला विचारलं, "तुझ्या खोलीतला पंखा कितीवर आहे?" म्हणाली तीनवर. तोही बदलला. परत चार दिवस शांत, आणि मग एका संध्याकाळी पुन्हा तोच आवाज, आमचे दोन्ही पंखे बंद असताना. खालच्या मजल्यावरून येत असेल, शेजारून येत असेल, कुणास ठाऊक. स्वतःच्या घरातले रेग्युलेटर बदलता येतात, सोसायटीतले नाही ना बदलता येत.

या एका गोष्टीने माझा निकाल लावला. आवाज किती मोठा होता हा मुद्दाच नव्हता, खरं तर नेहमीच्या व्हॉल्यूमला पाहुण्यांना ऐकूही यायचा नाही. त्रास असा की तो एका जागी राहायचा नाही. शनिवारी रात्री एक वायर हलवून घालवलेला आवाज रविवारी सकाळी दुसऱ्या रूपात हजर, आणि मग आपण केलेल्या बदलाचा उपयोग झाला की कुणीतरी पंखा बंद केला हेच कळत नाही. त्यात अडॅप्टर दोन अँपिअरचा आणि डॅक खातो पाव अँपिअर, इतक्या कमी लोडला बरेच अडॅप्टर थांबून थांबून झटके देतात आणि त्या झटक्यांची गती कधीकधी ऐकू येणाऱ्या टप्प्यात उतरते. माझा एक अडॅप्टर गाणं पॉज केलं की बारीक टिकटिक करायचा. तुमचा करेलच असं नाही.

मग बॅटरी. शांततेबद्दल बोलायचं तर हिच्यापुढे कुणी नाही, हे मला मान्यच करावं लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेटचे दोन सेल सिरीजमध्ये, ६.४ व्होल्ट, पुढे एलटी ३०४५, भिंतीशी संबंधच नाही, मग करंट जाणार कुठून. पहिल्या रात्री मी अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम पूर्ण वर नेऊन कान ट्विटरला लावला होता, फक्त अ‍ॅम्पची स्वतःची सळसळ. तानपुऱ्याची तार छेडल्यानंतर ती विरत विरत कुठे संपते ते त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकलं. बूस्ट मॉड्यूल मात्र लावू नका, एका ३.७ व्होल्टच्या सेलवरून ५ व्होल्ट करणारी ती छोटी पट्टी म्हणजे परत स्विचिंगच, मग बॅटरीचा काय फायदा. आणि सेलच्या प्लसला लागूनच फ्यूज हवा, हे सेल शॉर्ट झाले तर वायर लाल होईपर्यंत करंट देतात.

पण चार्जिंग. ६००० मिलिअँपिअर-अवरचे सेल माझ्या वापराला पाच-सहा दिवस जायचे, आणि पाच-सहा दिवस हा असा कालावधी आहे की ना रोजची सवय लागते ना महिन्याची आठवण राहते. चार्जर जोडूनच ठेवला तर चार्जरचा अडॅप्टर वाय कॅपॅसिटरसकट परत साखळीत आला, म्हणजे ऐकताना तो काढायलाच हवा. एका रविवारी सकाळी मित्र मुद्दाम नगर रस्त्याहून आला होता, तोडीचा आलाप तार षड्जाच्या उंबऱ्यावर पोचला आणि बीएमएसने (सेल जपणाऱ्या सर्किटने) सेल तोडले. परत लावता आला असता आलाप, पण ती सकाळ तिथेच संपली. ज्यांना रिले लावून आपोआप चार्जर तोडणारं सर्किट करायची हौस आहे त्यांच्यासाठी बॅटरी अजूनही उत्तम असेल. मी त्या वाटेला गेलो नाही.

शेवटी ट्रान्सफॉर्मर, आणि खरं सांगतो, पहिल्या दिवशी हा तिघांत सगळ्यात वाईट वाजला. ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, रेग्युलेटर, सगळं बरोबर आणि तरी १०० हर्ट्झची भुणभुण आणि खाली ५० ची घूं. पण ती सकाळी तेवढीच, रात्री तेवढीच, पंखा कितीही असो तेवढीच. माझ्यासाठी सगळा फरक इथे आहे. जो आवाज हलत नाही त्याच्यामागे जाता येतं.

भुणभुणीचं कारण ग्राउंडची वायर निघाली. मी रेग्युलेटरचं ग्राउंड ब्रिजच्या मायनसवरून घेतलं होतं, आणि ब्रिज ते कॅपॅसिटर या तुकड्यातून चार्जिंगचे मोठे झटके जातात, सरासरी पाव अँपिअर असला तरी झटका त्याच्या कितीतरी पट. तेवढ्या बोटभर वायरवरचा ड्रॉप सरळ डॅकच्या ग्राउंडमध्ये मिसळत होता. ग्राउंड कॅपॅसिटरच्या मायनस पायावरून घेतलं, तिथूनच पुढे सगळ्यांना वेगवेगळ्या वायर, भुणभुण संपली. घूं होती कोअरच्या क्षेत्राची. ट्रान्सफॉर्मर हातात धरून नव्वद अंशात फिरवला तर कमी झाली, वीतभर लांब नेला तर जवळजवळ गेली, म्हणून तो वेगळ्या लोखंडी डब्यात गेला आणि डीसी केबलने डॅककडे येतो. दोन संध्याकाळी लागल्या. त्यानंतर आज वर्ष होत आलं, मी तो डबा उघडलेला नाही.

अर्थिंगचं पण एकदाच ठरवायचं. ट्रान्सफॉर्मरचा आणि डॅकचा, दोन्ही धातूचे डबे थेट अर्थला, जाड वायरने, स्क्रूखाली दातेरी वॉशर घालून, त्यात तडजोड नाही. ऑडिओचं ग्राउंड मात्र डॅकच्या डब्याला थेट नाही जोडलं, १० ओहमच्या रेझिस्टरमधून जोडलं, त्याला पॅरलल १०० नॅनोफॅरड आणि उलटसुलट डायोड, डायोडच्या जागी जाड ब्रिज वापरला तरी चालतो. याने लूपमधला करंट अडतो आणि कधी आत फॉल्ट झाला तर डायोड वाट मोकळी करून देतात. घूं घालवायला तिसरी पिन तोडणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून ते करू नका, अ‍ॅम्पचं इन्सुलेशन ज्या दिवशी जाईल त्या दिवशी तुमचा हात त्या डब्यावर असेल.

उणिवा आहेतच. वजन आहे, एलएम ३१७ किंवा ७८०५ रेग्युलेटर लावलात तर हीटसिंक लागतो, ९ व्होल्ट एसीचे ब्रिजनंतर अकराच्या वर होतात आणि पाचपर्यंतचा फरक उष्णतेत जातो. २३० व्होल्टच्या वायरिंगला हात लावायची सवय नसेल तर हे काम एकट्याने करू नका. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते तेव्हा स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुरगुरतो, तेवढा वेळ मी ऐकत नाही. भाड्याच्या घरात असाल, दर वर्षी सामान हलतं, अ‍ॅम्प पण दोन पिनचा आहे, तर चांगला अडॅप्टर आणि एलटी ३०४५ कदाचित पुरेल, आधी तेच करून बघा. फक्त हेडफोनवर ऐकणाऱ्याला बॅटरी. बाकी ज्याला एकदा बसवून पुढे फक्त गाणं ऐकायचं आहे त्याला मी तरी ट्रान्सफॉर्मरच सांगेन.

घ्यायला पुण्याच्या बुधवार पेठेत जाल, पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा तपकीर गल्लीत, तर दुकानदार आधी टोरॉइड, म्हणजे कड्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर, पुढे करेल. टोरॉइडचं बाहेरचं क्षेत्र कमी असतं हे खरं, पण त्यात सेकंडरी प्रायमरीच्या अंगावरच गुंडाळलेली असते, दोघींमधली कपॅसिटन्स जास्त, म्हणजे लाईनवरची करकर परत आत यायला वाट. तुम्ही साधा ईआय, म्हणजे पत्र्यांच्या चौकोनी कोअरचा, मागा, पण स्प्लिट बॉबिनचा, प्रायमरी एका खणात आणि सेकंडरी दुसऱ्या. मी ०-९ चा एक अँपिअरचा घेतला. घरी आणल्यावर प्रायमरीच्या दोन वायरी एकदा अशा आणि एकदा उलट्या लावून, डॅक बाकी कशालाही न जोडता, त्याचं ग्राउंड आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर एसीवर ठेवा. ज्या बाजूने कमी व्होल्ट दिसतील ती बाजू कायम करा, मग वायरीला सोल्डर आणि स्लीव्ह.