सप्लाय की प्रोव्हाइड?

इंग्रजीत पत्र, निविदा किंवा अहवाल लिहिताना 'पुरवणं' या अर्थाला दोन क्रियापदं समोर येतात. शब्दकोश बघावा तर एकाचा अर्थ म्हणून दुसरं दिलेलं असतं, म्हणजे निवाडा आपल्यावरच.

सप्लायच्या मुळाशी लॅटिनमधलं 'भरून काढणं' आहे आणि रोख अजूनही तोच आहे: मोजता येणारा माल, एकसारखा चालू राहणारा ओघ. वीज, पाणी, सुटे भाग इथे तो चपखल बसतो. प्रोव्हाइडच्या मुळाशी 'पुढचं पाहणं' आहे, म्हणून त्यात सोय आणि व्यवस्था येते. कंपनी रुग्णालयाला ऑक्सिजन सप्लाय करते, रुग्णालय रुग्णाला उपचार प्रोव्हाइड करतं. ही अदलाबदल ऑक्सिजनच्या बाबतीत खपून जाईल, उपचारांच्या बाबतीत नाही. माहितीला दोन्ही चालतात. तिथे फार डोकं लावू नये.

खरी ठेच लागते ती वाक्यरचनेत. 'मला तपशील पुरवा' यात मराठीला मध्ये काही लागत नाही, म्हणून 'प्रोव्हाइड मी द डिटेल्स' लिहून मोकळे होतो. अमेरिकेत असं कधी कधी चालतं, पण 'प्रोव्हाइड मी विथ द डिटेल्स' किंवा 'प्रोव्हाइड द डिटेल्स टू मी' कुठेही बिनधोक. सप्लायलाही हेच लागू.

'प्रोव्हाइड फॉर' मात्र वेगळंच प्रकरण. माणसाबद्दल असेल तर घर चालवणं, कायद्याबद्दल असेल तर तरतूद असणं. करारात 'प्रोव्हायडेड दॅट' दिसलं की पुरवठा शोधत बसू नका, ती अट आहे.

नामांमध्ये अंतर आणखी वाढतं. हिशेबातली प्रोव्हिजन म्हणजे संभाव्य देण्यासाठी किंवा तोट्यासाठी आधीच धरलेली रक्कम. ब्रिटिश संसदेत सप्लाय म्हणजे सरकारी खर्चाला मिळणारी मंजुरी. २०१७ साली थेरेसा मे यांच्या अल्पमतातल्या सरकारने डीयूपी या उत्तर आयर्लंडमधल्या पक्षाशी केलेल्या 'कॉन्फिडन्स अँड सप्लाय' करारातला, म्हणजे विश्वासमताला आणि खर्चाच्या मंजुरीला पाठिंबा देण्याच्या करारातला, सप्लाय तो हाच. आणि तिथला सप्लाय टीचर म्हणजे बदली शिक्षक, माल आणून देणारा नव्हे!

दोन्हींत अडलात तर प्रोव्हाइड घ्या, त्याचा पैस मोठा आहे. पण सहकाऱ्याकडून नुसती फाइल हवी असेल तर 'प्लीज प्रोव्हाइड' कशाला? सेंड लिहा.