बालिच आणि दुव्न्याक
क्रोएशियाच्या हँडबॉलविषयी बोलताना इवानो बालिच आणि दोमागोय दुव्न्याक या दोन सेंटर बॅकची (मधल्या जागेवरून आक्रमण रचणाऱ्या खेळाडूंची) तुलना अटळ ठरते. स्प्लिटच्या बालिचने २००३चे विश्वविजेतेपद आणि २००४च्या अथेन्स ऑलिंपिकचे सुवर्णपदक देशाला मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला आणि २००३ व २००६ मध्ये तो जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरला; युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेने, चॅम्पियन्स लीगने, मात्र त्याला कायम हुलकावणी दिली. दुव्न्याकचे नेमके उलटे: तो करंडक त्याने हॅम्बुर्ग (२०१३) आणि कील (२०२०) या दोन्ही जर्मन संघांकडून जिंकला, पण देशासाठी सुवर्ण नाही; २०२५च्या जागतिक स्पर्धेतही अंतिम सामन्यात डेन्मार्ककडून पराभवच. लोकप्रियतेत, माझ्या मते, बालिच पुढे आहे, कारण त्याच्या पासमधील कल्पकता कोणालाही दिसते, तर दुव्न्याकचे बचावातील कष्ट जाणकारांनाच उमगतात.